मनातले नाही, खापरावरचे मांडे: हॉटेलचा रिव्ह्यू आणि टेबलावरच्या कार्डाचा पण

हॉटेलचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढं थोडी कुरकुर आहे आणि मालक माणूस म्हणून चांगला आहे. भुसावळहून मुक्ताईनगरकडे निघालं की हायवेला लागून पत्र्याच्या शेडमध्ये दोन चुली धगधगताना दिसतात, बाहेर फ्लेक्सवर एक भला मोठा मांडा हवेत उडताना दाखवलाय, तेच ते. तिकडून येणंजाणं असेल तर समजून जाल.

घाईत असाल त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. मांडे, म्हणजे खापरावर (उलट्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर) भाजलेल्या मोठ्या, पातळ पुरणपोळ्या, फर्स्ट क्लास. रशी, म्हणजे पुरणाच्या कटाची झणझणीत आमटी, बरी, तर्री जरा जास्तच. आमरस फसवा. सव्वा तास थांबायला लागलं. आणि टेबलावर जे लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवलंय ना, ‘खान्देशी शब्द शिका’ असं मथळ्याचं, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. खरं तर त्या कार्डामुळंच एवढं लांबलचक लिहायला बसलोय, नाहीतर चार ओळींत काम झालं असतं.

झालं असं की मी मूळचा यावल तालुक्यातला, नोकरी पुण्यात, आणि आमच्या ऑफिसातला एक मित्र आहे धारवाडचा. आठ-नऊ महिन्यांपासून मराठी शिकतोय, क्लास लावलाय त्याने, अगदी वही-पेन घेऊन. एक दिवस कॅन्टीनमध्ये मी प्रमोशनबद्दल काहीतरी बोललो तर तिसरा एकजण म्हणाला की मनात मांडे खाऊ नकोस. यानं लगेच वही काढली. मांडे म्हणजे काय? टेबलावर पाच मराठी माणसं होतो आणि पाचांपैकी चौघांना मांडे हा खायचा पदार्थ आहे एवढंच माहीत, बघितला एकानेही नव्हता. एकजण म्हणाला मोदकासारखं काहीतरी असेल. मी म्हणलं गप बसा रे, चल तुला आखाजीला गावाकडे नेतो, तिथं मनातले नाही पानातले मांडे मिळतात.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीच्या तोडीचा सण हा, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पितरांसाठी घागर भरतात, आणि जेवायला पुरणाचे मांडे, आमरस, रशी, कुरडई, भजी. पण यंदा घरी काकूचा हात मोडलेला, प्लास्टर होतं, आणि आमच्या घरात मांडे करता येणारी ती शेवटची बाई. म्हणून हॉटेल. सणाच्या दिवशी मांडे खायला हॉटेलात जायचं हे आजीला कळलं असतं तर तिनं पायरीवर उभं केलं नसतं, पण असो.

गेलो दुपारी साडेबाराला. ऊन काय विचारू नका, मे महिना आणि भुसावळ बाजू, मोटरसायकलच्या सीटवर पापड भाजला असता. पार्किंग ऐसपैस आहे पण सावली एका लिंबाखाली फक्त, तिथं आधीच चार गाड्या. आत कूलर आहेत दोन, एकात पाणी होतं.

ऑर्डर घ्यायला आलेल्या पोऱ्याने सांगितलं, ‘भाऊ, मांड्याला टाइम लागेल, खापर तडकलं आत्ताच.’ किती टाइम? ‘अर्धा तास.’ सव्वा तास लागला. आता यात त्यांची पूर्ण चूक नाही हे पण सांगतो, मातीचं खापर ते, तडकणारच कधीतरी, आणि नवीन खापर एकदम जाळावर घातलं तर तेही जातं, हळूहळू तापवत न्यावं लागतं. पण सणाच्या दिवशी, गर्दीच्या टायमाला, दोन चुलींवर दोनच खापरं आणि तिसरं तापवून तयार नाही, याला काय म्हणणार. मालकाला विचारलं तर तो म्हणे कुंभाराने माल कच्चा दिला, कुंभाराला विचारलं असतं तर तो म्हणाला असता बाईने जाळ जास्त केला. म्हणजे खापर फुटलं एक आणि फोडलं गेलं तिघांच्या डोक्यावर. हे मी मित्राला मराठीत समजावून सांगितलं तेव्हा त्यानं वहीत दोन ओळी लिहिल्या आणि मग एकदम विचारलं, मग खापरपणजोबा म्हणजे मातीचे आजोबा का? या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, पाणी मागवलं.

तर या सव्वा तासात वाचायला एकच गोष्ट होती, ते कार्ड. पुण्या-मुंबईचे पाहुणे हायवेने जातायेता थांबतात त्यांच्यासाठी छापलंय, कल्पना एक नंबर आहे, मनापासून सांगतो, असं कुणी करत नाही. मेनूतला शब्द, त्याचा अर्थ, आणि तो कुठून आला. मित्र अक्षर अक्षर जुळवून मोठ्याने वाचायला लागला. ‘मां-डे. हा प-दार्थ मां-डी-वर थाप-तात म्ह-णून मांडे.’

वाचून तो थांबला. मग चुलीपाशी बसलेल्या मावशींकडे बघितलं. मग माझ्याकडे. ‘मांडी म्हणजे हेच ना?’ म्हणून स्वतःच्या मांडीवर हात ठेवला. बाजूच्या टेबलवरची फॅमिली फिस्सकन हसली, मावशींनी वर बघितलं, आणि मला तिथल्या तिथं कार्ड फाडून टाकावंसं वाटलं.

अहो मांडीवर कुणी थापत नाही हो. मांडा हातावर वाढतो. आणि शब्दाचा मांडीशी काही संबंध नाही, तो आलाय संस्कृतातल्या ‘मण्डक’ वरून. मित्राला मी जसं सांगितलं तसंच इथं सांगतो, नवीन शिकणाऱ्याला पण कळेल असं, कारण यात फक्त दोन छोट्या युक्त्या आहेत आणि त्या कळल्या की मराठीतले डझनभर शब्द आपोआप उलगडतात.

पहिली युक्ती, जुन्या शब्दात ‘ण्ड’ असा जोड असला की मराठीत येताना त्याच्या आधीचा ‘अ’ लांबतो. दण्डचा दांडा झाला, मण्डपाचा मांडव झाला, खण्डची खांड झाली, ती साखरेसारखी असते ती. तसंच मण्डचं मांड. दुसरी युक्ती, शब्दाच्या शेवटी ‘अक’ असेल तर तो ‘क’ वाटेत गळून पडतो आणि मागे ‘आ’ उरतो. घोटकचा घोडा, दीपकचा दिवा. आता दोन्ही युक्त्या एकत्र लावा, मण्डक, मांडक, मांडअ, मांडा. एकाला मांडा, जास्त असले की मांडे. झालं. मांडी कुठं आली यात?

आता कुणी म्हणेल की मग हातावर पसरून मांडतात म्हणून मांडे असेल. हे पण ऐकलंय मी, आमच्या शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं होतं, आणि ऐकायला इतकं बरोबर वाटतं की वाद घालावासा वाटत नाही. पण शब्द जुना आहे, तयार होऊन आलेला आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ केला, त्यात राजाच्या जेवणाचं मोठं प्रकरण आहे आणि त्यात गव्हाच्या पिठाचे मण्डक आहेत. पोलिका पण आहे त्यात, म्हणजे आपली पोळी. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी राजाच्या ताटात होता तो पदार्थ, आपण आता हायवेवर नव्वद रुपयाला एक खातोय.

खापराचं पण सांगून टाकतो, कारण कार्डावर ‘खापर: मातीचा तवा’ एवढंच लिहिलंय. चूक नाही पण कंजूषपणा आहे. संस्कृतात कर्पर किंवा खर्पर, म्हणजे मातीचं भांडं, कवटीला पण हाच शब्द. प्राकृतात त्याचं खप्पर झालं आणि मराठीत खापर. इथं युक्ती वेगळी, प्राकृतातलं डबल अक्षर मराठीत सिंगल होतं आणि आधीचा स्वर लांबतो. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. सप्त, सत्त, सात. खर्पर, खप्पर, खापर. मित्राने बोटावर मोजत अष्टचं आठ स्वतःहून काढलं, इतका खूश झाला की पोऱ्याला बोलावून दोन ताक सांगितले. ताक चांगलं होतं हां, जिरं भाजून टाकलेलं, त्याचे वेगळे मार्क.

आणि कार्डावरचा तिसरा विनोद म्हणजे ‘खान्देश: खाण्याचा देश’. धंद्याच्या दृष्टीने मी माफ केलंय. पण नवीन माणूस खरं मानून जाईल म्हणून सांगतो, इथं फारुकी सुलतान होते, थाळनेर आणि बऱ्हाणपूरचे, त्यांना गुजरातच्या सुलतानाकडून ‘खान’ हा किताब होता, त्यावरून खानांचा देश. अकबराने १६०१ साली आसीरगड घेतला तेव्हा मुलाच्या, दानियालच्या नावावरून ‘दानदेश’ असं नाव पण ठेवून बघितलं. टिकलं नाही. कान्हदेशावरून आलंय म्हणणारे पण आहेत, कान्हा म्हणजे कृष्ण, अहिरांचा मुलूख ना. ते काही असो, खाण्यावरून नक्की नाही.

तेवढ्यात नवं खापर तापलं आणि मावशींनी आम्हाला हाक मारली, ‘या ना भाऊ, पाहाचं असन तर इकडे या, पाहुण्याले बी आना.’ हे मला फार आवडलं. लांबून फोटो काढा म्हणणारी बरीच हॉटेलं आहेत, चुलीजवळ बोलावणारं पहिलं.

आता बघा कसं चालतं ते. कणीक इतकी सैल की पातेल्यात हात घातला तर लोंबत वर येते, तेल-पाणी लावून आपटून आपटून मळलेली. पीठ वस्त्रगाळ, रवाळ राहिलं की मांडा फाटतो. कणकेची पारी, त्यात तिच्यापेक्षा जास्त पुरण, पोळपाटावर पुरीएवढं लाटून घेतलं की लाटण्याचं काम संपलं. पुढं सगळं हातावर. मावशींनी बांगड्या काढून ठेवलेल्या, मनगटाला नुसता एक काळा दोरा. पोळी एका हाताच्या पंज्यावरून दुसऱ्यावर जाते, प्रत्येक फेकीला वीतभर वाढते, मग पंजा पुरत नाही म्हणून मनगट, मनगट पुरत नाही म्हणून कोपरापर्यंत अख्खा हात, आणि शेवटी ती दोन्ही हातांवर ओल्या धोतरासारखी लोंबते, इतकी पातळ की पलीकडचा जाळ दिसतो, आणि आतलं पुरण मात्र कडेपर्यंत सारखं पसरलेलं. मग एका झटक्यात खापरावर. खापर म्हणजे उलटा घातलेला मोठ्या पोटाचा माठच, खाली लाकडाचा जाळ. पोळी पडली की चर्र पण होत नाही, नुसती एक सुस्कारा टाकल्यासारखी वाफ निघते, फोड येतात, मावशी नुसत्या बोटांनी कड उचलून उलटवतात आणि लगेच काढून रुमालासारखी चौघडी घडी. एक मांडा होईस्तोवर मित्राने मोबाइल वर धरलेला होता पण रेकॉर्ड दाबायचं विसरला होता.

मांड्याची चव काय सांगू. घडी उलगडली की आत वाफ, पुरणात वेलची कमी आणि जायफळ बरोबर, डाळ पूर्ण वाटलेली, एकही कणी नाही. पापुद्रा इतका तलम की जिभेवर पुरणच लागतं आधी. कुठं कुठं खापराचा काळा ठिपका लागतो, तो जरासा धुरकट कडू, मला तोच आवडतो, लहानपणी आम्ही भावंडं ठिपकेवाला तुकडा मागून घ्यायचो. तूप वरून मागितलं तर नाक न मुरडता वाढलं. दोघांत पाच मांडे खाल्ले, त्यातले तीन कुणी खाल्ले ते लिहीत नाही.

रशी काळ्या मसाल्याची, झणझणीत, पण वर बोटभर तेल. पुरणाच्या कटाची चव तेलाखाली दबून जाते. मित्राला उचकी लागली. कुरडई कुरकुरीत, भजी गार झालेली. आणि आमरस, भाऊ, आखाजीला आमरस डब्यातला? रंग एकदम पिवळाधमक, एकसारखा गुळगुळीत, एक धागा लागेल तर शपथ. विचारलं तर म्हणे ताजाच आहे. मी पुन्हा विचारलं नाही, मांडा दुधाबरोबर खाल्ला. तुम्ही पण तसंच करा.

आणि मग खरी गंमत. दुसरा मांडा खाताना मित्र एकदम थांबला आणि म्हणाला, ‘हे तर मंडिगे!’

बेळगाव-धारवाडकडे लग्नाच्या पंगतीत मंडिगे असतात म्हणे. त्यानं तिथून आईला व्हिडिओ कॉलच लावला. त्या मराठी समजतात थोडं, त्यांनी बघितलं आणि मान हलवली, हे मंडिगे नव्हेत. त्यांचे कागदासारखे कडक, आत पुरण नाही, पिठीसाखर आणि खसखस, आणि भाजायचे उलट्या तापलेल्या लोखंडी कढईवर, महिना-पंधरा दिवस टिकतात. आमचे मऊ, पुरणाचे, मातीवरचे, संध्याकाळपर्यंत संपवायचे. पण उलटं भांडं दोन्हीकडे आहे आणि नाव तर तेच आहे. (नागपूरकडे पण उलट्या मडक्यावर लंबी रोटी करतात, तिच्यात पुरण नसतं.) मग त्याने वही उघडली आणि मीच शिकवलेली युक्ती माझ्यावर टाकली. म्हणे तुमच्यात शेवटचा ‘क’ पडतो, आमच्यात पडत नाही, त्याचा ‘गे’ होतो. मल्लिका म्हणजे मोगरा-जाईचं फूल, आम्ही मल्लिगे म्हणतो. तसं मण्डक, मंडिगे. तुम्ही क रस्त्यात टाकला, आम्ही जपून आणला. आणि तुझा तो सोमेश्वर राजा पण आमचाच, कल्याणी आता कर्नाटकातच आहे. मी काय बोलणार, तोंडात मांडा होता. कार्डावर ठळक अक्षरात ‘जगात फक्त खान्देशात’ असं लिहिलेलं होतं, ते मी हळूच पालथं घातलं.

पण एक पत्ता माझ्याकडे शिल्लक होता. तिथून मुक्ताईनगर जवळच, पूर्वीचं एदलाबाद. जेवण झाल्यावर त्याला कोथळीच्या जुन्या मंदिरात घेऊन गेलो. आळंदीची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, ज्ञानेश्वरांना मांडे खायची इच्छा झाली, मुक्ताई कुंभारवाड्यात खापर आणायला गेली, या भावंडांचा दुस्वास करणाऱ्या विसोबाने सगळ्या कुंभारांना दम भरून ठेवला होता की या पोरांना भांडं द्यायचं नाही, ती रडत परत आली आणि ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने पाठ तापवली, तिने पाठीवर मांडे भाजले. लहानपणापासून शंभरदा ऐकलीय, पण त्या दिवशी सव्वा तास खापराची वाट बघून उठल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं की गोष्टीत अडलं होतं ते पीठामुळं नाही, गुळामुळं नाही, खापरामुळं. मांडा म्हणजे खापर, तव्यावर होत नाही तो, म्हणून विसोबाला नेमकं तेच अडवायचं सुचलं. कणीक मागून मिळाली असती, खापर नाही. आणि तीच मुक्ताई १२९७ मध्ये इथं तापीकाठी, मेहूणला वीज कडाडली तेव्हा अंतर्धान पावली असं सांगतात, आषाढीला तिची पालखी इथूनच पंढरपूरला जाते. मित्र बराच वेळ गप्प बसून होता. मग म्हणाला, हे कार्डावर का नाही लिहिलं?

तोच तर माझा मुद्दा आहे. मनात मांडे खाणे हे मुंबईपासून नागपूरपर्यंत सगळे म्हणतात, मनात मांडे पदरात धोंडे पण म्हणतात, पण मनात मांडेच का, लाडू का नाही? माझं मत विचाराल तर लाडू कुणालाही वळता येतो. मांड्याला वस्त्रगाळ पीठ पाहिजे, पुरणाचा घाट पाहिजे, खापर पाहिजे आणि कोपरापर्यंत हात चालणारी बाई पाहिजे. एवढं सगळं जुळेपर्यंत गरीब माणूस मनातच खाणार. आणि हे सगळं ज्या हॉटेलात चुलीवर रोज डोळ्यांसमोर चालतं, तिथल्या कार्डावर मांडी लिहायची.

बिल देताना मालकाला सांगितलं, अगदी नीट, आवाज न चढवता. तो चिडला नाही, म्हणाला, ‘आप्पा, ते प्रेसवाल्या पोराने लिहिलं, मला बी शंका होती. तुम्ही द्या ना लिहून.’ काउंटरवरच्या बिलबुकच्या मागं मी चार ओळी लिहून दिल्या, बेळगावचं पण लिहिलं, मित्र बाजूला उभा राहून बघत होता म्हणून.

बाकी माहिती. दोघांचं बिल ताक-भजीसकट आठशेच्या आत आलं. मांडे फोन करून सांगून ठेवले तर लवकर मिळतात, न सांगता सणाला जाऊ नका. पार्सल नेऊ नका, पुण्यात पोचेस्तोवर चामडं झालं होतं. हिवाळ्यात गेलात तर भरीत आणि कळण्याची भाकरी मागा, वांगी तेव्हाची खरी. मांड्याला पाचपैकी पाच, बाकी सगळ्याला मिळून तीन.

अपडेट: महिन्याभराने काकूला बघायला गेलो तेव्हा परत थांबलो. कार्ड तेच, नवीन काही छापलेलं नाही, माझा कागद कुठं गेला देव जाणे. पण मांडीवाली ओळ सगळ्या टेबलांवर काळ्या मार्करने जाड खोडलेली होती. मालकाला म्हणलं वा, केलंत की. तर चुलीपाशून मावशी म्हणाल्या, ‘त्यानं काय खोडलं, म्या खोडलं. लोकं हासू राहिले होते ना माह्याकडे पाहून.’